सासऱ्यांचं रात्रीचं चूर्ण : त्यात नेमकं काय असतं?

केळफूल (धागाकर्ती)

बद्धकोष्ठतेवर चारचौघांत बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. तरी लिहिते आहे, आणि सविस्तर लिहिते आहे.

माझे सासरे ८१ वर्षांचे. एसटीत चालक होते. पहाटे चारला गाडी काढायची, त्यामुळे शौचाला ठरल्या वेळी जाणं नोकरीभर जमलं नाही. निवृत्तीनंतर रात्री कोमट पाण्याबरोबर एक चमचा चूर्ण घ्यायची सवय लागली. गेली बारा वर्षं त्यात खंड नाही. एका चमच्याचे हळूहळू अडीच चमचे झाले, ते आमच्या लक्षातही आलं नाही, कारण चूर्ण त्यांचं तेच आणायचे आणि तेच घ्यायचे.

मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांना खुर्चीतून उठताच येईना. पोटऱ्यांत गोळे, अंगात त्राण नाही, छातीत धडधड. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं पोटॅशियम २.८. ते ३.५ ते ५ च्या दरम्यान हवं. तीन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "औषधं कुठली चालू आहेत?" मी बीपीची गोळी सांगितली (तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे), कॅल्शियम सांगितलं, गुडघ्यांसाठीची गोळी सांगितली. चूर्ण सांगितलंच नाही. लपवायचं नव्हतं. आमच्या घरात चूर्णाला औषध म्हणतच नाहीत, ते हिंग-ओव्यासारखं घरातलं. दुसऱ्या रात्री सासऱ्यांनीच सिस्टरकडे चूर्ण मागितलं, तेव्हा सगळा उलगडा झाला.

घरी आल्यावर डबी वाचली. पहिलं नाव सोनामुखी. कपाटात आणखी तीन डब्या निघाल्या. एकीवर स्वर्णपत्री, दुसरीवर सनाय, तिसरीवर मार्कंडिका. शोधलं तर तिन्ही सोनामुखीचीच नावं! "हे लागू पडत नाही, दुसरं बघू" म्हणत आम्ही दरवेळी तीच पानं विकत आणत होतो.

विचारायचं ते हे : आपल्या परंपरेतलं असं काय आहे जे या वयात निर्धास्तपणे देता येईल? आणि बारा वर्षांची सवय सोडवायची कशी? "औषध बंद करा" एवढंच सांगितलं तर ते जेवणच बंद करतात, हे मी पाहिलंय.


शेवंती_७

ताई, वाचून पोटात गोळा आला. माझी आई ७६ वर्षांची. ती चूर्ण घेत नाही, रोज रात्री इसबगोल घेते. दोन चमचे कोरडंच तोंडात टाकते आणि वर दोन घोट पाणी. जास्त पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं म्हणते. इसबगोल तर निरुपद्रवी ना?


पांढरा_ॲप्रन

शेवंती, आधी तुम्हाला उत्तर देतो, कारण हे आज रात्रीच थांबवायला हवं. इसबगोलाचा भुसा पाणी शोषून कितीतरी पटींनी फुगतो. त्याचं काम तेच आहे. पाणी कमी पडलं तर तो अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो, आतड्यात अडकून मार्ग बंद करू शकतो. कोरडा कधीच घेऊ नये. एक चमचा भुसा आणि पूर्ण पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिली पाणी. ढवळल्या ढवळल्या, घट्ट व्हायच्या आत प्यायचं, वर आणखी थोडं पाणी. झोपायच्या तोंडावर घेऊ नका. संध्याकाळी पाच-सहाला घ्या म्हणजे रात्री उठण्याची भीती राहणार नाही. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. ज्यांना गिळताना ठसका लागतो, जे अंथरुणाला खिळून आहेत, ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून दिलं जातं, त्यांना इसबगोल नकोच.

आता धागाकर्तीच्या सासऱ्यांबद्दल. त्यांच्या शरीरात काय झालं असावं ते सांगतो, कारण हे चक्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. सोनामुखीतली सेनोसाइड द्रव्यं जठरात आणि लहान आतड्यात काही करत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात तेव्हा ती कामाला लागतात. म्हणून रात्री घेतलेलं चूर्ण सहा ते बारा तासांनी, सकाळी लागू पडतं. आतड्याचं आकुंचन वाढतं आणि पाणी व क्षार आत शोषले जाण्याऐवजी मळाबरोबर बाहेर पडतात. त्यात पोटॅशियमही जातं. बीपीच्या गोळीतल्या लघवीच्या औषधाने ते दुसऱ्या वाटेनेही जात होतं. पोटॅशियम उतरलं की सगळे स्नायू मंदावतात, आणि आतडं हाही स्नायूच. म्हणजे पोट आणखी जड होतं, आणि माणूस चूर्णाचा चमचा वाढवतो. एकाचे अडीच चमचे होण्यात याचाही हात असू शकतो. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्यांना तर पोटॅशियम उतरणं जिवावर बेतू शकतं.

पण सोनामुखीला राक्षसही ठरवू नका. "आतडं कायमचं निकामी होतं" असं सर्रास सांगितलं जातं, त्याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सोनामुखीला सशर्त जागा आहे. माझा आक्षेप बेहिशेबीपणाला आहे. चमचा किती, सोबत काय चालू आहे, रक्त तपासलं का, यातलं काहीच माहीत नसतं.

गोळ्यांची यादीही बघा. लोह, कॅल्शियम, काही बीपीच्या गोळ्या, दुखण्यासाठीचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलीन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळ्या, हे सगळं पोट बांधतं. थायरॉइड तपासलंय का? अनेकदा चूर्ण बदलायची गरजच नसते, दुसरीकडची एक गोळी बदलली की पुरतं.


वैद्य_नाणेघाट

पांढरा_ॲप्रन यांच्याशी सहमत. आयुर्वेदाच्या बाजूने भर घालतो.

लोकांच्या मनात 'पोट साफ करणारं' म्हणजे एकच प्रकार. आमच्याकडे तसं नाही. अनुलोमन (वायू-मळ हलकेच खाली नेणं) वेगळं, स्रंसन (चिकटून बसलेला मळ खाली ढकलणं) वेगळं, रेचन (मळ पातळ करून बाहेर काढणं) वेगळं. चरकसंहितेत सुखाने विरेचन म्हणजे जुलाब करणाऱ्यांत त्रिवृत् म्हणजे निशोत्तर, मृदू विरेचनात चतुरंगुल म्हणजे बहावा, आणि तीक्ष्ण विरेचनात निवडुंगाचा चीक श्रेष्ठ सांगितला आहे. कोणाला काय द्यायचं ते कोठा, वय आणि बळ बघून. म्हातारपण हा वाताचा काळ. आतडं कोरडं, बळ कमी. अशा माणसाला रोज रेचक देणं म्हणजे कोरड्या जमिनीवरून आणखी पाणी वाहवून नेणं. तिथे स्निग्धता हवी.

बाजारातली नावं उलगडून सांगतो.

पंचसकार चूर्ण : सोनामुखी, सुंठ, सैंधव, शिवा म्हणजे हिरडा, आणि शतपुष्पा. पाच 'स' आणि 'श' म्हणून पंचसकार. मुख्य काम सोनामुखीचं, वर मीठही आहे. बीपीवाल्यांनी लक्षात ठेवावं.

स्वादिष्ट विरेचन चूर्ण : यातही सोनामुखी, सोबत ज्येष्ठमध, बडीशेप, शुद्ध गंधक आणि साखर. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. म्हणजे एकाच डबीत पोटॅशियम घालवणारी दोन द्रव्यं.

अविपत्तिकर चूर्ण : पित्तासाठी म्हणून घेतात. निशोत्तर भरपूर आणि साखर त्याहून जास्त. मधुमेही आजी-आजोबा हे वर्षानुवर्षं घेतात आणि साखर का वाढते ते कळत नाही.

इच्छाभेदी रस : यात जमालगोटा आहे, पाराही आहे. दुकानातून आणून म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. कुणी कितीही खात्री दिली तरी नको.

मग द्यायचं काय? मला या वयात गंधर्वहरितकी सगळ्यात जवळची वाटते. एरंडेलात परतलेला हिरडा, सुंठ, सैंधव आणि पादेलोण. हिरड्याचा रूक्षपणा एरंडेलाने जातो. तीही मात्रा ठरवून, बीपी बघून आणि काही आठवड्यांपुरती. एकट्या हिरड्याचंही शास्त्र मोठं सुंदर आहे. भावप्रकाशात म्हटलंय की चावून खाल्लेला हिरडा अग्नी वाढवतो, वाटून घेतलेला मळ साफ करतो, आणि वाफवलेला मात्र मळ बांधतो. फळ एकच, पण संस्कार बदलला की काम उलटं!

बारा वर्षांची सवय एका रात्रीत तोडू नका. तसं केलं की चार दिवस पोट साफ होत नाही, माणूस घाबरतो आणि पुन्हा तीन चमचे घेतो.


गावचा_वारा

माफ करा, पण एवढा बाऊ कशाला? आमचे आजोबा रोज सोनामुखीचा काढा घेत, ९३ वर्षं जगले. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो. उगाच लोकांना घाबरवून गोळ्यांकडे ढकलू नये.


केळफूल

गावचा_वारा, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण ते लघवीची गोळी घेत होते का? माझे सासरे घेत होते. तुमच्या आजोबांच्या काळात म्हातारा माणूस रोज पाच-सहा गोळ्या घेत नसे. तो उकिडवा बसायचा, शेतावर चालायचा, भाकरी खायचा. आज तेच पान पाच गोळ्यांच्या जोडीला पोटात जातं. आणि झाडपाल्यात काही दम नसेल तर पोट तरी कसं साफ होईल? ज्याचा गुण येतो त्याचा अवगुणही येणार. मी घाबरवायला लिहीत नाहीये. आयसीयूच्या बाहेर एक रात्र बसून आलेय, म्हणून लिहितेय.


हिरडवाट

वैद्यबुवांनी हिरड्याचं लिहिलंय म्हणून राहवलं नाही. आमचं गाव जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नर, अकोले हा सगळा पट्टा हिरड्याचा. आमच्या महादेव कोळी समाजाचं उन्हाळ्यातलं नगदी पीक म्हणजे हिरडा. कोवळं फळ, आत बी धरायच्या आधी काढून वाळवलं की काळं, सुरकुतलेलं होतं. तो बाळहिरडा. झाडावर पिकू दिलेलं मोठं पिवळसर फळ म्हणजे सुरवारी हिरडा. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे हिरड्याचं फार नुकसान झालं.

घरात कुणाचं पोट जड झालं की आजी बाळहिरडा तुपात फुलेपर्यंत परतायची आणि कुटून द्यायची. एवढीशी चिमूट. पण ती चिमूट देण्याआधी ती विचारायची, "काल काय खाल्लंस, पाणी किती प्यालास?" पाणी प्यालेला नसला तर आधी तांब्याभर पाणी, हिरडा नंतर. कधीकधी तांब्यावरच भागायचं.

एक विनंती. अख्खा हिरडा विकत घ्या आणि घरी कुटा. चूर्णात काय मिसळलंय ते दिसत नाही, अख्ख्या फळात दिसतं.


शेवंती_७

आईला कालपासून पेलाभर पाण्यातून, सहा वाजता देतेय. तिने तक्रार केली, पण घेतलं. पांढरा_ॲप्रन, मनापासून आभार.


सांजसावली_७४

मी स्वतः ७४ वर्षांचा आहे. इथे सगळे म्हाताऱ्यांविषयी बोलत आहेत, म्हणून एका म्हाताऱ्याने लिहावं असं वाटलं.

आम्ही पाणी का पीत नाही ते सांगतो. प्रोस्टेटमुळे रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. अंधारात पडायची भीती. शेजारचा माझा मित्र असाच पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हणून दुपारनंतर पाणी बंद. घरात संडास एकच, सकाळी नातवंडांची शाळा, मुलाचं ऑफिस. आपल्याला कळ आली तरी वाटतं, त्यांचं आटपू दे. अर्ध्या तासाने कळ निघून जाते आणि दिवसभर परत येत नाही. कवळी नीट बसत नाही म्हणून भाकरी, काकडी, पेरू सुटले. उरला मऊ भात, दूध-पोळी, चहात बुडवलेली बिस्किटं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कमोड आला. पाय नुसते लोंबत राहतात, जोर लागत नाही.

यातलं काहीच सुनेला सांगता येत नाही. कसं सांगणार? चूर्ण मात्र कुणाला न सांगता घेता येतं. म्हणून चूर्ण. दिवस चांगला गेला की नाही हे आमच्यासाठी त्या एका गोष्टीवर ठरतं. सकाळी पोट साफ झालं नाही तर माणूस दिवसभर अस्वस्थ असतो, जेवायला बसायचं मन होत नाही, बाहेर पडायची भीती वाटते. तरुणांना हे खरं वाटणार नाही.

केळफूल, तुमच्या सासऱ्यांचं चूर्ण काढून घेताना एवढं लक्षात ठेवा. आणि त्यांच्याशी तुमच्या नवऱ्याला बोलू द्या, तुम्ही नको. ते तुमच्यासमोर अवघडतील.


पांढरा_ॲप्रन

काका, इतका मोलाचा प्रतिसाद मी या विषयावर वाचलेला नाही. एकेक घेतो.

पाणी : दिवसाचा मोठा हिस्सा सकाळी उठल्यापासून संध्याकाळी पाचपर्यंत संपवा. सकाळचा पहिला पेला कोमट. प्रोस्टेटचं वेगळं औषध मिळतं, त्यासाठी पाणी तोडू नका.

वेळ : पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हलतं, आणि सकाळी ते सगळ्यात जागं असतं. न्याहारीनंतरची वीस-तीस मिनिटं संडास तुमच्यासाठी मोकळा ठेवायला घरच्यांना सांगा. कळ दाबली की मळ तिथेच थांबतो, त्यातलं पाणी आणखी शोषलं जातं आणि खडा होतो.

पाय : कमोडपुढे पाट किंवा बुटका स्टूल ठेवा. गुडघे कंबरेच्या वर आले पाहिजेत. उकिडवं बसल्यावर गुदमार्ग सरळ होतो, तेच इथे थोडंफार साधतं. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर किती वाकायचं ते आधी सर्जनना विचारा.

आणखी एक, कारण घरोघरी फसगत होते. बरेच दिवस खडा अडकला की त्याच्या बाजूने पातळ पाणी झिरपतं आणि कपडे खराब होतात. घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि ते जुलाब थांबवायची गोळी देतात. अशा वेळी दवाखान्यात तपासूनच घ्या. मळात रक्त, वजन उतरणं, अशक्तपणा, उतारवयात अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून वायूसुद्धा सरत नाही आणि उलट्या होतात, यांतलं काहीही असेल तर हिरडा नको, इसबगोल नको, एरंडेल तर मुळीच नको. लगेच दाखवा.


पडवी

वाचनखूण साठवली. मी न्यू जर्सीत असते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा बॅगेत चूर्णाच्या डब्या असतातच. थंडीत बाहेर चालणं बंद, तहान लागत नाही, त्यात जेट लॅगने वेळा उलट्यापालट्या. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डबीत कोरफडीचा सुकवलेला रस, म्हणजे काळाबोळ निघाला. इथल्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच दुकानातल्या रेचकांतून तो काढायला लावलाय, कारण कंपन्यांनी तो सुरक्षित असल्याची माहितीच पुरवली नव्हती. आता मी रात्री पाच-सहा सुके आलुबुखार भिजत घालते, सकाळी पाण्यासकट देते. त्यातलं सॉर्बिटॉल आतड्यात पाणी धरून ठेवतं. बाबांना साखर आहे म्हणून मोजून. भारतात असताना काळ्या मनुका आणि अंजीर असंच द्यायचे.

एरंडेलाबद्दल कुणी सांगेल का? आजी भाकरीच्या पिठात चमचाभर एरंडेल घालायची.


वैद्य_नाणेघाट

पिठात एरंडेल घालणं ही जुनी आणि शहाणी रीत आहे. तेल पिठात विभागून जातं, मात्रा लहान राहते. सांधेदुखी असणाऱ्यांना सुंठीच्या काढ्यातून देतात. पण नुसतं चमचाभर पिणं वेगळं. ते लहान आतड्यावर काम करतं आणि दोन ते सहा तासांत जोरात लागू पडतं. रात्री दिलं तर म्हातारा माणूस मध्यरात्री धावत उठेल, आणि काकांनी लिहिलेली पडायची भीती तिथेच खरी होईल.

रोजच्यासाठी रात्री कोमट पाण्यात किंवा दुधात चमचाभर तूप, जेवणात पडवळ, दुधी, चाकवत, मऊ शिजवलेल्या पालेभाज्या, मुगाचं कढण. कवळी असलेल्यांना पिकलेली पपई. यात औषध असं काही नाही, पण या वयात बरंचसं काम याच गोष्टी करतात.


केळफूल

दोन महिन्यांनी धागा वर आणतेय.

सांजसावली काकांचं ऐकलं. बोलणं नवऱ्याने केलं, मी दुसऱ्या खोलीत होते. बाबा जवळजवळ तासभर बोलले म्हणे. एसटीतल्या वेळांपासून सगळं. काकांनी लिहिलं तेच निघालं : सकाळी संडास मोकळा नसतो. आता पावणेआठ ते सव्वाआठ ती वेळ त्यांची. मुलांना पंधरा मिनिटं आधी उठवते, सुरुवातीला कुरकुर झाली, आता नाही.

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, कॅल्शियमचा प्रकार बदलला. चूर्ण दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत आणलं. मधल्या काळात वैद्यांनी बघून गंधर्वहरितकी दिली, ती तीन आठवडे घेतली. सोनामुखी पूर्ण सुटलेली नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा चमचा घेतात, आणि ते डॉक्टर आणि वैद्य दोघांना माहीत आहे. दोघांच्या फाइलीत लिहिलेलं आहे. फ्रिजवर जी औषधांची यादी लावते तिच्यात आता चूर्ण पहिल्या ओळीत असतं. मागच्या आठवड्यात पोटॅशियम ४.१ आलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. बाबा चिडायचे, दोनदा जेवण टाकलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाहेर आले आणि काही न बोलता नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून गेले.


सांजसावली_७४

वाचून फार बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. पाट किती उंचीचा ठेवलात? माझ्या मुलाने सुताराकडून करून आणलाय, पण तो बुटका वाटतो.


केळफूल

काका, वीतभर उंच आहे. आधी देवघरातला पाट ठेवला होता, तो कमी पडला. वरून रबराचा तुकडा ठोकून घ्या, ओल्या पायाने घसरत नाही. नमस्कार सांगितला, त्यांनी तुमचं गाव विचारलंय.